आत्मप्रतिमा सुधारल्याचा खुलासा

मैलूर, बीदर

ती. महानंदाअक्काच्या पायांवर डोकं ठेवून धाकट्या अंबिकाचा नमस्कार.

दाजींचा गुडघा आता जिना चढू देतो का, ते कळव. इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे तब्येतीनं. हे पत्रातलं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि हे अर्ध्यावर तोडलंस तर माझ्यावर अन्याय होईल.

शिवण शिकवायच्या केंद्रात दोन जागा निघाल्या, म्हणून आपण दोघी बहिणींनी अर्ज केले. सकाळी माझी मुलाखत झाली आणि दुपारी तुला 'येऊ नका' म्हणून फोन आला. तुझी पिंकी सांगत होती, तेव्हापासून तू 'वय झालं माझं, आता कोण विचारतंय' म्हणत मशीनवर चादर टाकून बसली आहेस. अक्का, आधी ती चादर काढ. मग पुढचं वाच.

मला कन्नड येत नाही, हे तू जाणतेसच. कळतं सगळं, तोंड उघडलं की कुलूप. चिंताकीच्या शाळेत कविता म्हणताना मास्तरांनी मला मागच्या रांगेत उभं केलं, ती मी अजून तिथेच आहे. आत्याबाई तर पाहुण्यांना सुनेची ओळखच अशी करून देतात, "लई गुणाची हाय, तोंडात जीभच न्हाई." (हे कौतुक असतं.) तर मुलाखतीच्या धसक्यानं मी एका शिबिराला गेले. तिथे हुबळीहून आलेले किरणकुमार सर म्हणाले, माणूस मनात स्वतःचा एक जुना फोटो धरून बसतो आणि त्या फोटोतल्या माणसाला जमेल तेवढंच करतो, फोटो बदला. (माझ्या डोळ्यांपुढे लगेच आधार कार्डावरचा आला.) उपाय सोपा. रोज आरशासमोर उभं राहायचं, छातीवर हात ठेवायचा आणि म्हणायचं, 'नानु साकु'. म्हणजे, मी आहे तेवढी पुरेशी आहे.

हुबळीत तसा अर्थ होत असेल. आपल्याकडे 'साकु' कधी म्हणतात? पानात वरणाची तिसरी पळी येते तेव्हा. आत्याबाईंना दाराआडून ऐकू आलं ते एवढंच, की सून रोज सकाळी आरशाला सांगते, साकु, साकु, पुरे झालं आता. त्यांनी ते ह्यांच्या कानावर घातलं. त्या रात्री हे उठून स्वतःचं ताट घासायला लागले, मग माझंही. मी म्हटलं, "कामून हो?" तर म्हणे, "असंच. बस तू, मी घासायलोय." दुसऱ्या दिवसापासून नळाचं पाणी आत्याबाई भरू लागल्या. खरा अर्थ मी लगेच सांगायला हवा होता. पण घरात कुणी आयती भांडी घासून दिली, की आत्मप्रतिमा आरशापेक्षा लवकर सुधारते.

शेवटी आत्याबाईंनी शेजारच्या शांतम्माला मध्यस्थीला आणलं. शांतम्मा कन्नडातून विचारायला लागली, घर सोडून जायचं मनात आहे का, आणि आत्याबाई मराठीतून, "काय कमी केलं गं तुला? साकु झालो व्हय आमी?" मला असा राग आला, की शिबिर, आरसा, फोटो, सगळं मी शांतम्माला कन्नडातून सुनावलं, वर तिच्या सुनेबद्दलही दोन शब्द सांगितले. दूध उतू गेलं तरी थांबले नाही. "निंग कन्नड बर्तदल्ला," शांतम्मा म्हणाली. तुला कन्नड येतंय की. हे ऐकलं मात्र, आणि जीभ होती तिथे परत जाऊन बसली.

ती तशीच घेऊन मी मुलाखतीला गेले. केंद्राच्या विरुपाक्ष साहेबांनी कन्नडातून विचारलं, एक वर्ग कन्नड बायकांचा, एक मराठी बायकांचा, तुम्ही कोणता घ्याल? मला 'मराठी' म्हणायचं होतं. अक्का, तो शब्द कन्नडातही मराठीच आहे. पण हात छातीवर गेला आणि तोंडातून निघालं, "नानु साकु." साहेब पहिल्यांदाच हसले. शेजारी बसलेल्या बाईंना म्हणाले, "ओब्बरे साकंते." एकटीच पुरे म्हणते. लगेच चहा आला, बिस्किटं आली. मला वाटलं, छाप पडली.

तुला फोन गेला तो त्यानंतर. तेव्हा तुझं वय झालेलं नाही, आणि तुझी शिवण तर कुणी पाहिलीसुद्धा नाही. (पाहायची असती तर तुझ्याच हातचा ब्लाउज मी घातला होता.) तुझी जागा गेली ती माझ्या आत्मविश्वासानं.

दाजींना नमस्कार, पिंकीला आशीर्वाद.

तुझी, पुरून उरलेली,
अंबिका

ता. क. सोमवारपासून दोन्ही वर्ग आहेत, एकाच वेळी, समोरासमोरच्या खोल्यांत. मला एकटीला जमणार नाही, माझी बहीण माझ्याहून चांगली शिवते, हे सांगायला मी साहेबांकडे दोनदा गेले. दोन्ही वेळा नमस्कार करून परत आले.

आणखी एक. सोमवारी पहिल्या बसनं ये आणि साहेबांच्या टेबलापुढेच मला झाड, कन्नडातून. राग आल्याशिवाय माझं कन्नड सुटत नाही. लोक काय म्हणतील म्हणून लाजू नकोस. भांडायला या वेळी तुझ्याकडे खरं कारण आहे.