आईच्या ताटातलं तण

ती. हरणाआक्का,

तुझ्या धाकट्या भावाचा, म्हणजे निवृत्त सुभेदार लालासाहेबाचा, कृष्णाकाठावरून पायांवर डोकं ठेवून नमस्कार. दाजींचा गुडघा आता कसा आहे? वाकून दूध काढू नका असं त्यांना डॉक्टरांनी सांगितलंय, हे माझ्या लक्षात आहे. ते ऐकणार नाहीत, हेही लक्षात आहे. इकडे आम्ही सगळे ठणठणीत. आईसुद्धा. हे शेवटचं तू फोनवर ऐकून घेतलं असतंस तर मला कागद शोधावा लागला नसता. पण मंगळवारी तू तीन वेळा फोन केलास आणि तिन्ही वेळा तुझं बोलून झालं की ठेवून दिलास. पत्र मध्येच ठेवता येतं, पण त्याचं बोलणं तोडता येत नाही. म्हणून हा खटाटोप.

तुझ्या कानावर आलंय की आम्ही आईला तण खायला घालतो. कुणी सांगितलं ते मी विचारत नाही (आमच्या शेजारणीची बहीण तुझ्या शिराळ्यात दिली आहे, हे मला ठाऊक आहे). आक्का, बातमी खरी आहे. पण अर्धीच तुझ्यापर्यंत आली आहे.

माझी परसबाग तू पाहिली आहेस. पेन्शनीत आल्यापासून घरामागचा तो दीड गुंठा माझ्या ताब्यात आहे. वांग्याच्या सहा रांगा, दोन झाडांत दोन फूट, दोरी लावून. मिरची, गवारी, घेवडा आपापल्या जागी. दर रविवारी सकाळी मी खुरपं घेऊन तपासणी करतो आणि नको ते जे उगवलेलं दिसेल ते उपटतो. दरसालचा वांग्यांचा वानोळा तुझ्याकडे येतो तो याच शिस्तीतून. (गेल्या वर्षीची वांगी किडकी निघाली असं तू सगळ्या भावकीत सांगितलंस. एकच होतं.)

पण घरातली तोंडं बदलली. मला साखर निघाली. बटाटा बंद झाला, भात मूठभर झाला. सौ.ला वांगं खाल्लं की अंगाला खाज सुटायला लागली. आणि आईच्या कवळीने तिच्याशी कायमचं वैर धरलं. कवळी डब्यात आणि आई उपाशी. दिवाळीनंतर ती एका भाकरीवरून अर्धीवर आली, अर्धीवरून चतकोरावर. कराडच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं, काही निघालं नाही. त्यांनी दिलेली ताकदीची पावडर ती वासराला पाजायची. वासराने बाळसं धरलं, तेव्हा आम्हाला कळलं. मी चारी बाजूंनी माझंच घोडं पुढं दामटत होतो. भरलं वांगं, वांग्याचं भरीत, वांग्याची पातळ भाजी. ती ताट सरकवून द्यायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. आक्का, सीमेवर असताना मला भीती वाटली नाही असं नाही, पण एवढी वाटली नव्हती. तुला कळवलं नाही, कारण तू रडत आली असतीस आणि आईने ओळखलं असतं.

मग आमच्या सुनेने, प्रांजलने, काम हातात घेतलं. आम्ही सगळे आईला विचारायचो, काय खाणार? आई म्हणायची, काही नको. प्रांजल तिच्या उशाशी बसली आणि म्हणाली, "आज्जी, तुमी ल्हान हुतासा तवा काय खायाचा?" आणि आई बोलायला लागली. दुपारभर बोलत होती. आपल्या आईचं माहेर दहिवडीच्या पलीकडचं, दुष्काळी भागातलं, हे तू आणि मी दोघंही विसरलो होतो. ऊस आला, कालवा आला, पक्कं घर झालं आणि आपण जन्मापासून कृष्णाकाठचेच असल्यासारखे वागायला लागलो. आई लहानपणी रानात आपसूक उगवणारी चिघळ खायची, तांदुळजा खायची. पावसाने दडी मारली की तेच जेवण.

प्रांजलने ते आणलं कुठून, तर माझ्या बागेतून. मी ज्याला तण म्हणून उपटत होतो, त्यातलंच राखून तिने वांग्याच्या सावलीत वाढवलं. मला एवढंच म्हणाली, "मामा, वांग्यातलं खुरपायचं माज्याकडं ऱ्हाऊ द्या." मला वाटलं, सून सासऱ्याच्या कंबरेची काळजी घेतेय. मी मोठ्या मनाने परवानगी दिली. मग मूगडाळ घालून मऊ शिजवलेली ती आंबूस भाजी, त्यात भाकरी कुस्करून, आई खायला लागली. पंधरा दिवसांत अर्ध्या भाकरीवर आली. मी समजत होतो तो बाजारचा पालक आहे, आणि भूक आली ती माझ्या वांग्यांनी. तसं मी पारावर दोघा-तिघांना सांगूनही टाकलं.

गेल्या महिन्यात प्रांजल चुलतबहिणीच्या साखरपुड्याला म्हसवडला माहेरी गेली. रविवार आला. मी बागेत गेलो आणि माझ्या वांग्याखाली हिरवंगार तण माजलेलं बघून माझं डोकं फिरलं. दोन तास लागले. एक काडी ठेवली नाही. भारा बांधून म्हशीपुढे टाकला, स्वच्छ वाफ्यांचा फोटो काढून आमच्या जयराजला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, त्याच्या पलटणीत पाठवला. (सुनेच्या निष्काळजीपणाबद्दल दोन ओळीही लिहिल्या. त्या खोडता येत नाहीत, हे मला नंतर कळलं.)

दुपारी आईच्या ताटात वांगं. आईने विचारलं, "पोरीची भाजी कुटं हाय?" सौ. मागे गेली आणि रिकामी पाटी घेऊन परत आली. "आवं, तुमी आत्याबाईंचं जेवाण म्हशीला घातलंसा!"

मी गोठ्यात पळालो. म्हैस रवंथ करत होती.

तीन दिवस आई नुसत्या ताकावर होती. चौथ्या दिवशी मी मोटरसायकल काढली आणि म्हसवड गाठलं. व्याही भाऊसो दारातच भेटले. माझ्या येण्याचं कारण ऐकून त्यांना हसू आवरेना. "सुभेदार, लोकं आमच्याकडं मेंढरं मागाया येत्यात. तुमी तण मागाया आलासा व्हय?" पण त्यांच्या आई, रंगुबाई, हसल्या नाहीत. मला हाताला धरून कांद्याच्या वाफ्यात घेऊन गेल्या, बसवलं आणि ओळख करून दिली. जाडसर, लहान पानांची, जमिनीला चिकटून पसरते ती चिघळ. उंच वाढतो तो तांदुळजा. तिसरं एक दिसायला तसंच, पण ते खायचं नाही. मी सवयीने मुळासकट उपटायला गेलो तर त्यांनी माझ्या हातावर चापट मारली. "शेंडं खुडावं रं, लेकरा. मूळ ऱ्हायलं तर परत येतंय." अठ्ठावन्नाव्या वर्षी मला लेकरा म्हणणारं कुणी भेटेल असं वाटलं नव्हतं.

प्रांजल मागे उभी होती. मी सगळं कबूल केलं, जयराजला लिहिलेल्या दोन ओळींसकट. ती चिडली नाही. "मामा, चुकी माजी हाय. मी सांगाया पायजे हुतं." का नाही सांगितलंस, म्हटलं, तर ती बारदान भिजवायला वळली. शेवटी भाऊसोंनी सांगितलं. लग्नानंतर पहिल्यांदा तिने आपल्याकडे चिघळीची भाजी केली तेव्हा पंगतीत कुणीतरी म्हणालं होतं, मेंढरामागची पोर आणली, आता मेंढराचं खाणंही आलं. तेव्हापासून ती त्या भाजीचं नाव आमच्या घरात काढत नव्हती.

आक्का, ते वाक्य तुझं होतं. आणि मी शेजारी बसून हसलो होतो. म्हणजे निम्मं माझं.

ओल्या बारदानात मुळं गुंडाळून, सुनेला मागे बसवून मी परत आलो. आता बागेत वांग्याच्या दोनच रांगा आहेत. बाकी मला दोडका आणि कारलं, सौ.ला दुधी, आईला चिघळ आणि तांदुळजा. चिघळ मी दोरी लावून सरळ लावली होती. ती दोरी मानत नाही, वाटेल तिकडे जाते, आणि मी तिला जाऊ देतो. प्रांजल कुणाला काय पचतं, कुणाला काय चावतं हे बघून वाफा ठरवते. मी तिच्या हाताखाली आहे. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत मला इतका चांगला अंमलदार भेटला नाही. आई काल अख्खी भाकरी जेवली.

दाजींना नमस्कार. पोरांना आशीर्वाद.

तुझा,
लालासाहेब

ता. क. वानोळा पाठवलाय. वांगी अकराच आहेत, नीट बघून घेतली आहेत. खाली ओल्या फडक्यात चिघळ आहे. ती गोठ्यात टाकू नकोस.

ता. क. दुसरा. खरं सांगायचं ते हे, की रविवारी गाडी घेऊन आईला न्यायला येते म्हणालीस, ते कृपा करून रद्द कर. आता कुठे ती चार घास खातेय. जेवायला ये, हवी तेवढी भांड, पण तिला नेऊ नकोस. मी हात जोडतो.

ता. क. तिसरा. वरचं सगळं आईने माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतलं आणि खालचं घालायला सांगितलं. "हरणे, ये न्यायाला. मी येते. पर येकटी येत न्हाई. पोरीला संगं घिऊन येनार, आन तू तिला लेक म्हनून न्यायाची. तुज्या चुलीवर ती भाजी करंल आन तू पयला घास खायाचा." मी यातलं जरा मऊ करून लिहिलं होतं. आईने ते परत वाचायला लावलं. वर खोडलेलं दिसतंय, ते तेच.