पान्हा चोरणारी म्हैस

अव्वा, मी दूध सोडलं. दूध, दही, ताक, लोणी, तूप, सगळंच. सहा महिने झाले. तुला वाचता येत नव्हतं आणि तुला जाऊन सात वर्षं झाली, तरी हे तुलाच लिहायला बसले आहे, कारण बाकी सगळ्यांना मी याचं कारण खोटं सांगितलं आहे. शाळेतल्या मोठ्या बाईंना सांगितलं की पोटाला मानवत नाही. वहिनीला सांगितलं की सोमवारचं व्रत आहे, आणि सोमवार संपला की मंगळवारी आणखी काहीतरी सांगितलं. अप्पांनी विचारलं नाही, म्हणून त्यांच्याशी खोटं बोलावं लागलं नाही, एवढंच. कुणाला काय सांगितलं ते लक्षात ठेवून मी थकले आहे. ही पानं माझ्या स्वतःच्या वहीतली आहेत, शाळेच्या नाहीत. हे तू विचारलं नसतंस, पण मला सांगितल्याशिवाय पुढं लिहवत नाही.

मी आता मास्तरीण झाले आहे. आपल्या घरात शाळेत गेलेली तुझी लेक पहिली, हे थोरला अण्णा पाहुण्यांना आधी सांगतो आणि मग पाणी देतो. गडबडीचं, पळापळीचं साल सरलं, गावात मराठी शाळा उघडली, आणि पडवीत बसून तू अप्पांना म्हणालीस, "हिच्यानं शेतातलं काम व्हायचं न्हाई. ताप खाऊन गेलाय हिला. शाळंत घाला." त्यानंतर दोन महिन्यांनी तू गेलीस, पण तुझा शब्द अप्पांनी मोडला नाही. वर्गात मी सगळ्यात उंच असायचे, म्हणून दोनदा मला एका वर्षात दोन इयत्ता पुढं ढकललं. आता भालकीच्या रस्त्यावरच्या एका गावात पोरींना शिकवते. दर शनिवारी घरी येते. पुढं आपला मुलूख कुठल्या राज्यात जाणार आणि शाळेत कुठली भाषा राहणार, याचीच बोलणी सगळीकडं चालू आहेत. मला त्याची काळजी वाटायला हवी. पण मी सहा महिने एका वाक्याच्या काळजीत आहे.

ते वाक्य असं आलं. चौथीच्या पोरींना मी 'म्हैस' या विषयावर दहा ओळी लिहायला सांगितल्या. सगळ्यांनी लिहिलं, म्हैस काळी असते, म्हैस आपल्याला दूध देते. एका गवळ्याच्या पोरीनं लिहिलं, 'म्हैस दूध देत नाही. म्हैस पान्हा चोरते.' मी तिला उभं केलं.

"हे काय लिहिलंस?"

"बरोबरच हाय की बाई. आमची म्हस रोज चोरत्याय."

"चोरते म्हणजे?"

"वर ओढून धरत्याय. आपल्या रेडकाला ठिवत्याय. मंग आई तिच्या पायाला दोरी बांधत्याय."

बाकीच्या पोरी हसल्या. एक म्हणाली, "बाई, हिच्या घरची म्हस चोर, आन ही शिपाई!" ती गवळ्याची पोर मात्र हसली नाही. तिला वाटत होतं तिचं काहीतरी चुकलं. मी वही हातात धरून उभी राहिले. लाल शाईची दौत उघडी होती. व्याकरणाची चूक नव्हती. आपल्याकडं सगळे असंच म्हणतात, तूही म्हणायचीस. पण जे तिचंच आहे, तिच्याच अंगातलं आहे आणि तिच्याच पिलासाठी आलेलं आहे, ते तिनं राखून ठेवलं तर ती चोर कशी? मी त्या वाक्यावर बरोबरची खूण केली नाही आणि चूकही दिली नाही. त्या दिवशी मधल्या सुट्टीत मोठ्या बाईंनी चहा पुढं केला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मला नको, पोटाला मानवत नाही."

तुला आता कळलंच असेल मी कशाकडं येते आहे.

गडबडीचं साल. मी अकरा वर्षांची आहे. मला मुदतीचा ताप आला आहे, तो उतरतो आणि पुन्हा चढतो. गोठ्याला लागून असलेल्या खोलीत तू मला निजवलं आहेस. म्हैस नुकतीच व्यालेली, कपाळावर पांढरा चांद असलेली, आणि तिला हाल्या, म्हणजे नर रेडकू, झालेला. मादी, वगार झाली असती तर तिला जपलं असतं, पण हाल्याचं कोण जपतं? वैद्यानं सांगितलेलं असतं, पोरीला दूध पाजा, दुसरं काही पचणार नाही. म्हैस एकाच वेळचं दूध धड देते. तू हाल्याला लांबच्या खुंटीला बांधतेस. धार काढायच्या आधी त्याला सोडतेस, तो दोन ढुशा मारतो, म्हैस पान्हा सोडते, की तू त्याला ओढून परत नेतेस. त्याच्यापुढं ज्वारीची आंबील ठेवतेस, तिला तो तोंड लावत नाही. भिंतीपलीकडं तो ओरडतो ते मला ऐकू येतं. पहिल्यांदा मोठ्यानं, मग बारीक, मग घसा बसलेल्या माणसासारखं. एके सकाळी ऐकू येत नाही.

तू त्याचं कातडं ठेवून घेतलंस. मीठ लावून वाळवलंस, आत कडब्याचं भूस भरलंस आणि दाभणानं शिवलंस. मला बसता यायला लागलं होतं, म्हणून उन्हाला आणून बसवायचीस. तू ते बोचकं म्हशीच्या तोंडापुढं ठेवलंस, आणि ती ते चाटायला लागली. पाठ चाटली, मग कान होते तिथं चाटलं. तिच्या सडांतून दूध आलं. मी तुला विचारलं, "अव्वा, तिला कळत न्हाई का गं?" तू वर न बघता म्हणालीस, "कळतंय की. कळूनच चाटत्याय." मग पेला माझ्यापुढं धरलास. मी तोंड फिरवलं. तू माझी हनुवटी धरलीस, दुखेल इतकी, आणि म्हणालीस, "पी. एवढं केलंय ते सांडायला न्हाई."

मी प्यायले. ताप उतरला. पुढं गडबड वाढली आणि आपण रातोरात मामाच्या गावाकडं निघालो, तेव्हा म्हशीचं दावं तूच सोडलंस. ते भुसाचं बोचकं गोठ्यातच राहिलं. परत आलो तेव्हा दोन्ही नव्हती.

दूध सोडणं अवघड नाही, अव्वा. वरण-भाकरी, शेंगाची चटणी, करडईचं तेल, यावर माणूस जगतं. उन्हाळ्यात ताकाची आठवण येईल, पण अजून उन्हाळा आला नाही. अवघड आहे ते बाकीचं. माझ्या पायातल्या चपला कातड्याच्या आहेत, ते मला चालताना दर पावलाला आठवतं. अण्णाच्या बैलांनी नांगरलेल्या रानातली ज्वारी मी खाते. वहिनी म्हणते, "उद्या सासरी काय सांगशील? पाहुणे च्या पाजतील, तर ह्या बाई म्हणणार, मला म्हशीनं सांगितलंय!" तिचं चुकत नाही. पण खरं कारण सांगायचं म्हणजे तुझ्यावर बोट दाखवायचं, आणि ते माझ्यानं होत नव्हतं. तू मला जगवलंस. ज्या हातानं जगवलंस त्याच हाताला मी पापी कसं म्हणू? म्हणून पोट, सोमवार, आणि काय काय.

काल तुझा दिवस होता, तू गेलीस तो. मठातले सामी आले, अप्पांनी त्यांचे पाय पूजले, मग पंगत बसली. राजेश्वरहून चिक्कव्वा आली होती, तुझी धाकटी बहीण, आता तिचे सगळे दात गेले आहेत. हुग्गी केली होती. गहू पाण्यात शिजवून गूळ घातलेला मी सकाळी स्वतः बघितला होता. दूध-तूप वरून घेतात, तेवढं टाळलं की झालं, असा माझा हिशेब होता. प्रसादाचं ताट आपल्यात टाकत नाहीत, धुवून ते पाणीही पितात. म्हणजे ताटात पडलं की संपलं. म्हणून वहिनी तुपाची वाटी घेऊन आली तेव्हा मी हळूच म्हणाले, "वहिनी, मला नको."

"सामी बसल्यात म्होरं," ती दात आवळून म्हणाली. "आज तरी नाटक करू नगंस, मास्तरीणबाई. सासूबाईंच्या नावाचं हाय."

तिनं वाटी कलती केली आणि मी ताटावर हात धरला. तूप माझ्या हातावर पडलं. गरम होतं, पण भाजलं नाही. सगळी पंगत बघायला लागली.

"आगं, हाताला कशाला जेवाया घालायलीस?" चिक्कव्वा म्हणाली, आणि पोरंसोरं हसली.

सामींनी मान वर केली. "काय झालं? तूप चालत न्हाई बाईला?"

"तूप न्हाई, दूध न्हाई, ताक बी न्हाई, सामी," वहिनी म्हणाली. सहा महिन्यांचं तिचं साठलेलं होतं. "इचारलं की म्हनत्याय सोमवार हाय. हिचे साती वार सोमवारच झालेत. तुमीच इचारा कामून ते."

"कामून गं, बाई?" सामींनी विचारलं. रागानं नाही. खरंच विचारलं.

पुढ्यात प्रसाद होता. तिथं मला खोटं बोलता येईना, आणि तुझ्या दिवशी खरं बोलता येईना. हातावरून तूप कोपराकडं ओघळत होतं. मी म्हणाले, "हाल्यामुळं."

"कुठला हाल्या?" अप्पा म्हणाले.

त्यांना खरंच आठवत नव्हतं. इतकी वर्षं ज्या गोष्टीभोवती मी पाय न वाजवता फिरत होते, ती त्यांच्या घरात घडलीच नव्हती. मला एकदम फार थकवा आला, इतका की भीती वाटायची राहून गेली. "मला मुदतीचा ताप आला होता, तवाचा. चांदाच्या म्हशीचा."

"त्यो व्हय. मेला व्हता त्यो. आपला आपला मेला."

"आपला आपला न्हाई, अप्पा. अव्वानं पिऊ दिलं न्हाई त्याला. माझ्यासाठी."

वहिनीच्या हातातली वाटी तशीच कलती होती. मी म्हटलं, झालं, तुझ्याच दिवशी तुझ्या नावाला डाग लावला मी. तेवढ्यात चिक्कव्वानं माझं मनगट धरलं आणि ते तूप निपटून माझ्या वेणीला चोळायला लागली. "वाया घालवू नगंस," ती म्हणाली, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं: "व्हय, न्हाई दिलं पिऊ. मी हुते की तितं. मीच म्हनलं, अक्का, एक सड तरी ठिव त्याला. तर माझ्यावर वसकन आली. म्हनली, पोरगी उठू दे, मंग चारी ठिवते. आन रडली-बिडली न्हाई हां ती. धा रेडकं आसती तर धाई बांधली आसती तिनं."

सामींनी ताट जवळ ओढलं. मग वहिनीला म्हणाले, "तिला नुसतीच वाढा. गार व्हायलीय." आणि जेवायला लागले. मी कोरडी हुग्गी खाल्ली, ताट धुवून पाणी प्यायले. हात धुताना अप्पा माझ्याजवळ आले. पंच्याला हात पुसत राहिले, हात कोरडे झाले तरी. "मला कुनी सांगितलंच न्हाई," एवढंच म्हणाले.

अव्वा, मला वाटत होतं तुला पश्चात्ताप झाला असेल. गोठ्यात एकटी असताना तू रडली असशील असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. म्हणजे मी तुझं काहीतरी पुरं करते आहे असं मला म्हणता आलं असतं. पण तू रडली नाहीस, आणि चिक्कव्वा खोटं बोलत नाही. काल ते ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. वेणीत तूप घेऊन मी अंगणात उभी होते, आणि मला वाटत होतं की धा रेडकं बांधून ठेवावीत इतकं माझ्यावर कुणीतरी जीव टाकत होतं. हे वाटणंही बरं नाही, हे मला कळतं. पण वाटलं.

तर खरं कारण एवढंच आहे, आणि त्यात तुझ्यावर बोट नाही. तू म्हणाली होतीस, पोरगी उठू दे, मग चारी सड ठेवते. तुला ते करायला वेळ मिळाला नाही. मी उठले आहे, अव्वा. केव्हाचीच उठले आहे. आता माझ्यासाठी कुणाला लांबच्या खुंटीला बांधायची गरज नाही. ते चार सड आता मी ठेवते.

आज वर्गात पोरी म्हणाल्या, "बाई, तुमच्या केसांना तुपाचा वास यायलाय." मी त्या गवळ्याच्या पोरीची जुनी वही मागवून घेतली. त्या वाक्यापुढची जागा अजून कोरीच आहे.

ही पानं मी कुठं पाठवणार? पेटीत लुगड्याखाली ठेवीन, तुझ्या लुगड्याखाली. पण ठेवायच्या आधी एक सांगायचं राहिलं आहे, जे मी वर लिहिलं नाही. तू पेला धरलास तेव्हा मी तोंड फिरवलं, हे खरं आहे. पण ते पहिल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी म्हैस ते बोचकं चाटत असतानाच, माझ्या डोळ्यांसमोर, मी पेला रिकामा केला, बोटानं साय पुसून घेतली आणि तुला विचारलं, "अजून हाय का?" त्या सगळ्या आजारपणात तू तेव्हा पहिल्यांदा हसलीस.