मागच्या सीटवरचा अभ्यास

प्रिय ठमे,

फोन केला की तू नुसतं हं हं करतेस आणि मग मी भलतंच काहीतरी बोलून बसते, म्हणून आज कागद घेऊन बसले आहे. बाबांकडून कळलं, महिनाअखेरच्या व्हायवाला तू जाणार नाहीस म्हणे. मागच्या वेळी परीक्षकांपुढे दातखीळ बसली, याही वेळी बसेल, हा शेवटचा प्रयत्न आहे, तो फुकट गेला तर इतक्या वर्षांचं फार्मसीचं शिक्षण पाण्यात. त्यापेक्षा गेलंच नाही तर निदान हसं तरी होणार नाही. न जाऊनही ते पाण्यातच जातं, पण असला हिशेब तूच करू जाणे. बाबा तेव्हापासून घरभर येरझाऱ्या घालत होते. मी त्यांना म्हटलं, तुम्ही बसा, मी लिहिते. घाबरू नकोस, रागावायला लिहीत नाहीये.

तुझं पहिलं वर्ष आठवतं का गं? केवढी मेहनत करायचीस. मार्कर घेऊन पुस्तक असं रंगवलं होतंस की न रंगवलेली ओळ शोधायला चष्मा लागावा. बाबांनी चार रंगांत वेळापत्रक करून दिलं होतं, त्यात जेवायला वेळ ठेवायचं ते विसरले होते. तू तेही मुकाट्याने पाळलंस आणि फार्माकॉलॉजीत सपशेल आपटलीस. सुट्टीला घरी आलीस ती तोंड पाडून. त्यात वरच्या मजल्यावरच्यांनी फरशा फोडायला काढलेल्या, दिवसभर डोक्यावर ठोकाठोकी. शेवटी वैतागून पुस्तक उचललंस आणि मी लोकांना ड्रायव्हिंग शिकवते त्या गाडीत मागे जाऊन बसलीस. मला वाटलं, दोन दिवसांत कंटाळशील. नवशिक्यांच्या गचक्यांनी पोटातलं पाणी हलतं, तिथे अभ्यास कसला होतोय.

तेव्हा माझ्याकडे ते बँडवाले काका शिकायला यायचे. जन्मभर ट्रंपेट वाजवून निवृत्त झालेले, तालाचे पक्के, पण क्लच आणि गिअर यांचा ताल काही केल्या जमायचा नाही. तू मागे सर्दी-अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांची नावं घडाघडा म्हणत होतीस. काकांनी आरशातून तुझ्याकडे पाहत विचारलं की ते सर्दीवर जी गोळी घेतात तिने त्यांना पेंग येते, त्यांच्या बायकोची गोळी वेगळी आहे, तिने तिला काही होत नाही, असं का. विचारण्याच्या नादात त्यांनी गाडी फुटपाथला घासली. त्या पत्र्याची मला चुटपुट लागली, पण तुझा चेहरा बघून ती विसरले. दोन्ही गोळ्यांची नावं तुला तोंडपाठ होती, दोन्ही पुस्तकात पिवळ्याधमक होत्या, आणि का ते काही सांगता येईना. मागून हॉर्नवर हॉर्न वाजत होते आणि काका गाडी बंद करून तुझ्या उत्तराची वाट पाहत बसले होते.

दुसऱ्या दिवशी तू आपण होऊन त्यांच्या वेळेला गाडीत हजर. जुन्या प्रकारची गोळी मेंदूत शिरते, म्हणून डोळे मिटायला लागतात, नव्या प्रकारची बहुतेक मेंदूच्या दाराशीच अडते, असं तू त्यांना सांगितलंस. इतकं सोपं की मलाही कळलं. काकांनी ते घरी जाऊन बायकोला सांगून भाव खाल्ला आणि पुढच्या वेळी येताना आणखी प्रश्न घेऊन आले. शिवाय ती गोळी घेतलेल्या दिवशी गाडी शिकायला येणं त्यांनी बंद केलं, हा माझा फायदा.

मग तुला चटकच लागली. एक धडा वाचायचा, पुस्तक डिकीत टाकायचं आणि स्टिअरिंगवर जो कोणी असेल त्याला समजेल असं सांगायचं. जिथे अडखळशील तेवढंच परत वाचायचं. एकदा जमलं म्हणून सोडून द्यायचं नाही. मी कुणाकडूनही रिव्हर्स पार्किंग एका दिवसात घोटून घेत नाही. आज थोडं, मग दोन दिवसांनी, मग आठवड्याने. तोवर माणूस थोडं विसरलेला असतो, आठवताना घाम फुटतो आणि मग ते अंगात मुरतं. तू हे माझ्याकडे बघून उचललंस आणि तुझ्या औषधांना लावलंस. बाबांना मी सांगते की मीच शिकवलं. खरं तर तू काय करते आहेस हे मला तेव्हा कळलंही नव्हतं. तुझं तूच शोधलंस, आणि त्याचा मला एवढा अभिमान वाटतो की माझ्या गाडीत बसलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी क्लच कुठे आहे ते सांगायच्या आधी मुलगी फार्मसीला आहे हे सांगून होतं. लोक कंटाळतात. कंटाळू देत.

पुढे ते रखडलेलं फार्माकॉलॉजी सुटलं, त्यानंतर लेखी कधी अडली नाही. तोंडी मात्र अडली. परीक्षकांनी मधूनच कुठूनतरी विचारलं आणि तू गप्प झालीस. गप्प बसणं म्हणजे न येणं नव्हे, हे मी रोज बघते. परवान्याच्या चाचणीत साहेब शेजारी बसले की चांगली गाडी चालवणारी माणसंही वायपर लावून मोकळी होतात. पण तू त्यांच्यापेक्षा कठीण जागी बोललेली आहेस. स्टिअरिंगवरचा शिकाऊ चौकात चुकीच्या बाजूने वळतो आहे, मी ओरडते आहे, आणि तू मागे शांतपणे यकृत औषधाचं काय करतं ते सांगते आहेस, हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. परीक्षक निदान खुर्चीत बसलेले असतात, तुला खड्ड्यात घालत नाहीत.

जायचं की नाही, ते तू ठरव. त्यासाठी मी लिहायला बसले नव्हते. गेले दोन महिने मला रक्तदाबाची गोळी चालू आहे. तुझ्या परीक्षेच्या आधी सांगू नका, असं मीच बाबांना दटावलं होतं. दाब आला खाली, पण गेल्या आठवड्यापासून संध्याकाळी दोन्ही घोटे सुजतात, चपलेचा पट्टा रुततो. शिकवणाऱ्याच्या बाजूचा ब्रेक माझ्या पायाखाली असतो, कुणाचा तरी जीव त्यावर असतो, म्हणून दुपारनंतरच्या शिकवण्या बंद ठेवल्या आहेत. बाबांना वाटतं, उन्हामुळे. मला भीती वाटते. गोळी मी माझ्या मनाने थांबवलेली नाही, तू आधी तेच विचारशील. तिचं नाव अ‍ॅम्लोडिपिन. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे जायचंच आहे, ते सांगतीलच. कोपऱ्यावरचा दुकानदारही काहीतरी सांगेल. पण काल पाय उशीवर ठेवून पडले असताना मी स्वतःला विचारलं, की या सगळ्यांत कुणाचं बोलणं ऐकून मला शांत झोप लागेल, आणि तुझ्याशिवाय दुसरं कुणी डोळ्यांपुढे येईना. तू माझी मुलगी आहेस म्हणून नाही गं, लाड करायला मला बाबा पुरतात. तुला हे कळतं म्हणून. पत्र मिळालं की फोन कर आणि हे घोटे का सुजतात ते मला सांग.

तुझीच,
आई