मामाची कानडी

॥ श्री ॥

भवानी पेठ, सोलापूर
१४ जून १९३१

ती. दाजींस मल्लिकार्जुनचा कृ. सा. न. वि. वि.

चि. सिदू सुखरूप पोचला. सोमवारी त्याचं नाव आमच्याच शाळेत, माझ्याच वर्गात, इंग्रजी पहिलीत घातलं. म्युनिसिपालिटीची शाळा म्हणून नाक मुरडू नका. यंदा हेडमास्तरांनी नवी पद्धत आणली आहे, तिला डायरेक्ट मेथड म्हणतात. इंग्रजीच्या तासाला इंग्रजीखेरीज चकार शब्द काढायचा नाही. वस्तू दाखवायची, नाव सांगायचं. भाषांतर बंद.

तुम्ही हसाल, ठाऊक आहे. पण एकदा वर्गात येऊन बघा. निम्मी पोरं हातमागवाल्यांची, तेलुगू; कासीम आणि त्याचे सोबती दख्खनी बोलणारे, आपल्याकडची कानडी, उरलेली मराठी. मी कुणाच्या भाषेतून शिकवू? एकाला जवळ केलं की दुसऱ्याला वाटतं, मास्तर त्यांचाच. इंग्रजी कुणाच्याच घरची नाही, म्हणून तिच्यापुढं सगळे सारखे. हे मला मनापासून पटलं आहे. घरातही सिदूला तोच नेम लावला आहे. कानडी पूर्ण बंद.

दिवाळीच्या सुमारास शाळाखात्याचे दिपोटी साहेब तपासणीला येतील. वर्ग त्यांच्या मनास आला तर माझी नोकरी कायम होईल. जीव नुसता टांगणीला लागला आहे. तुम्हालाच पोरगा साहेबाच्या कचेरीत बघायचा होता ना? मग आता धीर धरा.

अक्कास नमस्कार. माया आहे तशीच राहू द्यावी, दुसरं काय मागू?

आपला,
मल्लिकार्जुन

---

मैंदर्गी
२० जुलै १९३१

चि. मल्लिकार्जुन मास्तरास बिरप्पाचे अनेक आशीर्वाद वि. वि.

तुजं पत्र पावलं. नव्या पद्धतीचं वाचून बरं वाटलं. चराईबद्दल फॉरेस्टवाल्यांचा इंग्रजी कागद आला की मी गावभर वाचणारा हुडकत फिरतो. ते दुखणं सिदूच्या हातनं मिटावं एवढीच माजी आस हाय.

पन आता ऐक. सिदूचं कार्ड आलं. तुजी अक्का हातातलं पीठ तसंच घेऊन धावली. बघतो तर सगळं इंग्रजी! आमी दोघं गेलो पोस्टमास्तराकडं. त्यानं चष्मा लावून वाचलं की मी बरा आहे, ही गाय आहे, गायीला चार पाय असतात. काशम्मा मला इचारती, मास्तरानं गाय घेतली का? किती दूध देती? मी हसून हसून बेजार. मास्तर, पगार न्हाय कायम आन् दारात गाय?

घरी आल्यावर मात्र ती हसली न्हाय. ती कानडीत सांगती आन् मी मराठीत उतरवतोय. ती म्हणती, हे कार्ड माज्या पोराचं न्हाय. त्याला भूक लागती का, झोप लागती का, माजी आठवण येती का, यातलं काय बी त्यात न्हाय. म्हशीच्या पाठीवर बसून दिवसभर बडबडणारं पोर, त्याला चारच वळी सुचाव्यात? मी तिला दटावलं की शिकतंय ते, दम धर. पन खरं सांगू, रातच्याला मलाबी झोप लागली न्हाय. बिगीनं उत्तर धाड.

बनाबाईस आशीर्वाद. आमची आठवण ठेव, बाबा.

तुजा दाजी,
बिरप्पा

---

सोलापूर
६ ऑगस्ट १९३१

सौ. वन्सं काशम्माबाईंस बनाबाईचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी ह्यांना न सांगता लिहितेय. दाजींनी वाचून दाखवावं, पण माझं नाव पुढं करू नये, एवढी विनवणी आहे.

वन्सं, सिदू बोलतच नाही. घरात ह्यांचा नेम असा की ताटावर बसल्यावर जे हवं ते इंग्रजीत मागायचं, तरच वाढायचं. पोराला भात आणि पाणी एवढेच शब्द येतात. मग तो तेवढंच मागतो. शेंगाची चटणी त्याला किती आवडते, पण तिला इंग्रजीत काय म्हणतात ते ह्यांनाही येत नाही! मी भाकरीखाली लपवून चटणी ठेवते. तो गुपचूप खातो आणि माझ्याकडं बघतो. माझा जीव नुसता तुटतो.

मी पडले करमाळ्याची. कानडी मला औषधालाही येत नाही. त्याची मराठी शाळेपुरती. घरात त्याच्या तोंडची भाषा येणारं माणूस एकच, आणि तेच बोलत नाही. मी ह्यांना एकदा म्हटलं, तर म्हणाले की तुला पद्धत कळत नाही. पद्धत गेली खड्ड्यात, पोर वाळत चाललंय ते तर कळतं ना मला?

शेजारच्या कमरबींची शेळी आमच्या मागच्या भिंतीशी बांधलेली असते. शाळेतून आला की सिदू तिच्यापाशी जाऊन बसतो आणि तिच्याशी मात्र सारखा बोलतो. काय ते मला कळत नाही. कमरबी म्हणतात की शेळीच तेवढी ऐकून घेते बिचाऱ्याचं.

रागावू नका. हे वाईट नाहीत, नोकरीच्या धास्तीनं असे झालेत. धाकटीवर लोभ करता तसाच करत राहा.

आपली,
बनाबाई

---

मैंदर्गी
२ सप्टेंबर १९३१

चि. मल्लिकार्जुनास आशीर्वाद.

तुजी दोन कार्डं आली. दोन्हीत प्रगती बरी एवढंच. पोराचं काय, ते न्हाय.

काशम्मानं पंधरा दिवस घर डोक्यावर घेतलंय. ती म्हणती, सायबाची नोकरी नगं, कागद वाचणारा नगं, मला माजं बोलणारं पोर पायजे. मी आजवर तुज्या बाजूनं भांडलो. आता माज्याच्यानं हुईना. दसरा झाला की मी सोलापुरास येतो आन् सिदूला घेऊन जातो. हितं मेंढरांमागं फिरंल, पन तोंडानं बोलंल.

पोर तोंड उघडत न्हाय हे कुणी कळवलं ते इचारू नगंस. बापाला कळतंय. राग मानू नगंस, पन कानडोळाबी करू नगंस.

बिरप्पा

---

सोलापूर
१४ ऑक्टोबर १९३१

ती. दाजींस आणि अक्कास मल्लिकार्जुनचा शि. सा. न. वि. वि.

आपलं पत्र आलं तेव्हा मी भडकलो होतो. दोन उत्तरं लिहिली आणि फाडली. आता सगळं सरळ सांगतो, मग न्यायचं की नाही ते ठरवा.

महिन्यापूर्वी एकदा शाळा सुटल्यावर मागं न थांबता लगेच घरी आलो. मागच्या भिंतीपलीकडं सिदूचा आवाज ऐकू आला. कमरबींच्या शेळीपुढं बसून तो त्या दिवशीचा धडा कानडीत सांगत होता. हरवलेल्या कुत्र्याची गोष्ट. एकही वाक्य सुटलं नाही. मधूनमधून धड्यातला इंग्रजी शब्द घ्यायचा आणि तिला समजावायचा. दाजी, ज्या पोराला मी ठोंब्या ठरवून रोज बाकावर उभं करत होतो, त्याला सगळं येत होतं.

मी तिथंच मातीत त्याच्याशेजारी बसलो आणि कानडीत विचारलं की मग कुत्र्याचं पुढं काय झालं? तो दचकला. माझ्या तोंडाकडं बघत राहिला. मग त्यानं हळूच विचारलं की मामा, तुम्हाला अजून कानडी येते?

मला आधी कळेचना. मग हुंदके देत त्यानं सगळं सांगितलं. त्याला वाटत होतं की इंग्रजी शिकलं की आपलं बोलणं निघून जातं. मामांचं गेलं, तसं आपलंही जाणार. मग गावी गेल्यावर आईशी कशानं बोलायचं? म्हणून पोरानं तोंड मिटून घेतलं होतं. पोटापुरते दोन शब्द सोडले तर शाळेत नाही, घरात नाही, कुणापुढंच इंग्रजी बोलायचं नाही. जेवढी इंग्रजी तोंडातून जाईल तेवढी कानडी कमी होईल, असा त्याचा हिशेब. मला इतकी लाज वाटली की काय सांगू!

दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं की धडा आधी आपापल्या घरच्या बोलीत एकमेकांना सांगा, मग इंग्रजीत मला सांगा. तेलुगू पोरं एका कोपऱ्यात, कासीमची टोळी दुसऱ्यात, सिदू आपल्या कानडी पोरांत. नुसता आठवडी बाजार भरला! पण जी पोरं माना खाली घालून बसायची ती हात वर करायला लागली. हेडमास्तर दारात येऊन कपाळाला आठ्या घालून गेले. मी मात्र तसंच चालू ठेवलं.

काल दिपोटी साहेब दिवाळीआधीच अचानक आले. त्यांनी नेमकं सिदूलाच उठवलं. तो इंग्रजीत गोष्ट सांगू लागला. मध्यावर अडला, माझ्याकडं बघितलं, अडलेलं वाक्य कानडीत सांगितलं आणि पुढचं पुन्हा इंग्रजीत शेवटपर्यंत नेलं. साहेबांनी शेरा लिहिला की वर्गात ठरवलेली पद्धत पाळली जात नाही. कायम होणं वर्षभर लांबलं. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? बनाबाई म्हणते की पोर जेवतंय ना, मग झालं.

सिदू इथं राहायचं म्हणतो. आता त्याला नेऊ नका, हात जोडतो. चुकलो, पण मला तोडू नका.

आपला,
मल्लिकार्जुन

---

मैंदर्गी
२५ ऑक्टोबर १९३१

चि. मल्लिकार्जुनास बिरप्पाचे व काशम्माचे आशीर्वाद वि. वि.

तुजं पत्र काशम्माला तीनदा वाचून दाखवलं. शेवटाला मलाच वाचवंना. दिपोटीच्या शेऱ्याचं वाईट वाटलं. तुज्या वर्गात बाजार भरला हे वाचून मात्र लई हसलो. आता मास्तर झालास खरा.

मी इंग्रजीसाठी पोराला तुज्याकडं धाडलं आन् आजबी तेच म्हणतो. शिकव. कानडीतनं शिकव, तेलुगूतनं शिकव, शेळी मधी बसवून शिकव, पन शिकव.

पुढलं काशम्माचं हाय. ती सांगती तसं लिवतो, मधी तोंड घालत न्हाय. ती म्हणती, सिदूला खुळा म्हणू नगंस. त्यानं बगितलं ते खरंच हाय. दोन वरसामागं तू जत्रेला आलास, संगट शाळेतले सोबती हुते. ती सिदूला घेऊन दारात उभी हुती आन् तुला कानडीत इचारत हुती की जेवलास का, तब्येत बरी का. तू त्या सोबत्यांम्होरं तिला मराठीत जाब देत राहिलास. नंतरबी तसंच चाललं. ती कुणाला बोलली न्हाय, पन त्या दिसापास्नं तुज्यासाठी तिच्या जिवाला घोर हाय.

ती म्हणती, सिदूला न्यायला आमी येत न्हाय, त्याचं बोलणं कुटं गेलेलंच न्हाय. भाऊबीजेला तू ये. एकटा ये की बनाबाईला घेऊन ये, पन दारातनंच आपल्या बोलीत अक्का म्हणून हाक मार. तिचा भाऊ लई दिस घरी आलेला न्हाय.

वाट बगतोय. पाय लवकर हिकडं वळू देत.

तुजा दाजी,
बिरप्पा