आईच्या नावानं आलेली उत्तरं

चि. धाकट्यास,

आशीर्वाद देते, पण आज रागातच. हातानं लिहितेय, कारण मेसेजला तुझ्या वतीनंही यंत्रच उत्तर द्यायचं.

मी बरी आहे. इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालते. पाठ भरून येते, पण काळजी नको.

काल शेजारच्या काकूंचा फोन आला. आई न्हाणीघरात घसरली, उजवा हात प्लास्टरमध्ये आहे म्हणाल्या. मी चाटच पडले. मला तर रोज आईचा मेसेज येतोय, 'मी मजेत आहे, तू जेवलीस का?'

काकूंनी आईला फोन दिला. "मला कळवलं का नाहीस?" मी विचारलं.

"तुझा मेसेजच येत नाही गं. म्हटलं, कामात असशील. उगाच कशाला त्रास?"

मग तिच्याकडूनच कळलं, की तिला टायपिंगला वेळ लागतो, सारखं तुलाच लिहून द्यावं लागतं म्हणून तू तिच्या फोनवर परस्पर उत्तरं देणारं नवं अॅप टाकलंस. तिनं वाचायच्या आत ते माझा मेसेज बाजूला सारून तिच्याच भाषेत मला वाटेला लावत होतं. एकटं वाटतं, रडू येतं, हे सगळं मी त्या यंत्राला सांगत बसले. आणि आई पडली तरी तूही तोंडाला कुलूप लावलंस. सोय झाली तुझी, आणि आई असून मी पोरकी झाले.

हात फार दुखतो का तिचा? वेणी कोण घालतं?

हे वाचताच ते अॅप काढ. डाव्या हातानं एक ओळ लिहायला तिला अर्धा तास लागला तरी लागू दे. मी थांबेन.

तुझ्यावर चिडलेली,
ताई