चिकटवलेली पानं

एटापल्ली,
१६ एप्रिल १९८६

प्रिय मनकर्णाबाई,

जयभीम. आधी एवढं वाच की इथं सगळे बरे आहेत. विशाखाचा ताप उतरला, आणि यांची बदली यंदाही टळली. परवा जयंतीच्या मिरवणुकीत पोर पांढरा फ्रॉक घालून सगळ्यांच्या पुढे होती. तूच पाठवलेला फ्रॉक. आखूड झाला होता, खालून झालर लावून दिली.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. कामात होते असं लिहिणार होते, पण जंगल डेपोतल्या कारकुनाच्या बायकोला असं काम तरी काय असतं, हे तुला माहीत आहे.

तू लिहितेस, जून लागला की विशाखाला बल्लारपूरला आणून सोड, कॉलनीतल्या बालमंदिरात नाव घातलं आहे, तिकडच्या रानात पोरीला काय शिकायला मिळणार. बाई, इथं बालवाडी नाही हे खरं. पण पोर मोकाट हिंडते असं समजू नकोस. मी घरीच शाळा भरवते. हसू नकोस, वेळापत्रकाची वही केली आहे.

तू स्टेशनवरच्या दुकानातून पाठवतेस ती गोष्टींची पुस्तकं आहेत ना, ज्यांच्या मागे जाड चष्म्याच्या बाईंचा फोटो आहे? विशाखा त्यांना गोष्टीवाली आजी म्हणते. जेवताना फोटोला घास दाखवते. दुसऱ्या कोणाचं पुस्तक हातात दिलं तर आधी मागची बाजू पाहते आणि खाली ठेवते. म्हणून मी सगळी शाळा या आजीच्याच जिवावर चालवली. एक पुस्तक दोन आठवडे पुरवायचं. सोमवारी वाचायचं, मग चार दिवस त्यातलं काहीतरी हातांनी करायचं, शनिवारी पानं मोजायची आणि पुस्तक कापडात बांधून ठेवायचं.

बेडकाच्या दुकानाची गोष्ट होती तेव्हा आम्ही ओसरीवर दुकान मांडलं. शेजारची सीता मोहफुलं वेचून येताना गिऱ्हाईक व्हायची, चिंचोके देऊन खडे विकत घ्यायची आणि भावावरून भांडायची. कुंभाराच्या गाढवाच्या गोष्टीला बोडीच्या तळ्याकाठची माती आणली. विशाखानं गाढवाला पाच पाय केले. का, तर एखादा पडला तर असावा. आकडे वीसपर्यंत येतात, न चुकता. तुमच्या बालमंदिरात या वयाच्या किती पोरांना येतात?

इथपर्यंत पत्र मी काल लिहिलं आणि यांना वाचायला दिलं. यांनी वाचून घडी घातली आणि म्हणाले, "सगळं लिवलं. पानं चिकटवल्याचं नाई लिवलं?"

तर ते लिहिते. राग आला तर येऊ दे.

तुझ्या या पत्रासोबत तू आजीचं नवं पुस्तक पाठवलंस. वेळापत्रक करायचं म्हणून मी ते आधी एकटीनं वाचलं. त्यात मधेच एक छोटी गोष्ट आहे. एका म्हातारीनं बकरीचं पिल्लू तांदळाची कणी चारून वाढवलेलं असतं. एक दिवस कळप दारावरून जातो, त्यात पिल्लाची आई असते, आणि पिल्लू तिच्या मागे निघून जातं. चारच पानं. तू ती वाचून पाठवलीस की नुसती चित्रं पाहून, हे मला माहीत नाही. विचारणारही नाही. मी भाताची खळ केली आणि ती पानं एकमेकांना चिकटवून टाकली. वरून पाटा ठेवला.

पण शनिवारी पानं मोजायची असतात. ती पद्धत मीच लावलेली. विशाखा बोट ठेवत गेली, अकरा, बारा, तेरा, आणि थांबली. "आई, इथी चौदा नाई. पंधरा बी नाई. एकदम अठरा आलं." मी म्हटलं, छापणारा विसरला असेल. तिनं पान चिमटीत धरून पाहिलं, म्हणाली, "हे जाड काऊन आहे?" मी चुलीकडे गेले. तेवढ्यात ती पुस्तक घेऊन सीताकडे पोचली. सीतानं ओलं फडकं लावून पानं अलगद सोडवली. तिला बिचारीला वाचता येत नाही, पोरीनं मागितलं म्हणून करून दिलं.

विशाखा पुस्तक घेऊन परत माझ्यापाशी आली. "आता वाच," म्हणाली.

मी वाचलं. म्हणजे वाचल्यासारखं केलं. पिल्लू म्हातारीपाशीच राहिलं, कणी खाऊन मोठं झालं, असं सांगितलं. विशाखा चित्रावर बोट ठेवून म्हणाली, "पण ते तं चाल्लं ना तिच्यासंगं." मी पुन्हा तेच सांगितलं. तेव्हा ती पुस्तक मिटवून म्हणाली, "तू आजीचं खोटं वाचून राह्यली."

त्या दिवसापासून ती मला वाचू देत नाही. पुस्तकं घेऊन एकटी कोपऱ्यात बसते, चित्रं पाहते. वहीची पुढची पानं कोरी आहेत. माझी शाळा बंद पडली, बाई, आणि वर मी तुझ्यापुढे तिचीच फुशारकी मारत होते. हे म्हणाले, "पुस्तक चिकटवलं, आता पोरीचे डोये बी चिकटवतेस का?" इतकं बोलणारा माणूस नाही तो.

आता त्याहून जड आहे ते. तुला टीबी झाला आणि डॉक्टर म्हणाले लेकरू दूर ठेवा, तेव्हा विशाखा सहा महिन्यांची होती. मला मूल नव्हतं. बरी होईस्तोवर सांभाळ, एवढंच तू म्हणाली होतीस. तू बरी होऊन दोन वर्षं झाली. आधी मी लिहिलं थंडी आहे, मग लिहिलं गोवर आहे, मग लिहिलं नाल्याला पूर आहे. गोवर आली नव्हती.

आणि गेल्या हिवाळ्यात तू आलीस, हात पुढे केलेस, आणि ती माझ्यामागे लपून तुला मावशी म्हणाली. परत गेल्यावर तू लिहिलंस, पोरीचा दोष नाही, मीच दूर राहिले, ती तरी मला काय म्हणणार. ते पत्र मी चारदा वाचलं आणि ट्रंकेत ठेवलं. बाई, तिला ते मी शिकवलं होतं. तू यायच्या आधी आठवडाभर, रोज सकाळी, तुझा फोटो समोर धरून. ही कोण? मावशी. बरोबर म्हटलं की गूळ द्यायचे. अशीही एक शाळा मी भरवली होती. ती वहीत नाही.

काल दुपारी मी तिला ओसरीवर बसवून सांगितलं. फोटोतली ती तुझी आई. आजारी होती म्हणून तुला माझ्याकडे ठेवलं होतं. मला वाटलं रडेल. ती रडली नाही. विचारलं, "मंग आता बरी झाली?" हो म्हटलं. "कवा?" दोन वर्षं झाली म्हटलं. तिनं दोन बोटं उभी केली आणि पाहत बसली. मग म्हणाली, "मंग तिनं मले नेलं काऊन नाई?"

मी सांगितलं, तिनं मागितलं होतं, मी दिलं नाही. तुझ्यावर आळ येऊ दिला नाही, एवढं तरी काल मी खरं बोलले.

विशाखाला घ्यायला तू स्वतः ये. मी घेऊन निघाले तर आलापल्लीच्या स्टँडवरून परत फिरेन, माझा मला भरवसा नाही. जूनची वाट पाहू नकोस, पाऊस लागला की रस्ता तुटतो आणि मला पुन्हा निमित्त मिळतं. मे महिन्यात ये, आठ दिवस राहा. तिला एकदम उचलून नेऊ नकोस. पुस्तक तू वाचून दाखव. माझ्याकडून ऐकत नाही, तुझ्याकडून कदाचित ऐकेल. वांगं खात नाही. एस.टी.त मळमळतं, तिला खिडकीशी बसव.

काल शेवटी तिनं आणखी एक विचारलं, "मंग तू माही कोण?" मी पाणी आणायचं निमित्त करून उठले. उत्तर अजून तोंडातून निघालेलं नाही. आधी कागदावर लिहून पाहते.

विशाखाची मावशी,
प्रेमिला