कै. डॉ. दिगंबर खासनीस यांना रजा मिळावी म्हणून

प्रति,
मा. डॉ. अपूर्वा घैसास,
अध्यक्षा, पेठ विभाग वैद्यक व्यावसायिक मंडळ,
पुणे.

अर्जदार : श्रीमती मंदाकिनी दिगंबर खासनीस, निवृत्त कार्यालय अधीक्षक, राहणार नारायण पेठ, पुणे.

विषय : मंडळाच्या 'आधार पाळी' योजनेखाली सुरू असलेल्या कामातून माझे पती कै. डॉ. दिगंबर खासनीस यांना रजा मंजूर होणेबाबत.

संदर्भ : दहाव्याच्या दिवशी ओंकारेश्वराच्या घाटावर आपण दिलेले तोंडी वचन.

महोदया,

१. अर्जदार ही आपल्या मंडळाच्या दिवंगत सभासदाची पत्नी आहे. डॉक्टरांच्या माघारी मंडळाने जे केले त्याबद्दल ती आभारी आहे. हे आधीच नोंदवून ठेवते, म्हणजे पुढचे वाचून कोणी कृतघ्न म्हणायला नको. अर्जदाराची सगळी नोकरी सरकारी कार्यालयात गेली. दुसऱ्यांच्या रजेचे अर्ज तपासायचे आणि शेरा मारून साहेबांपुढे ठेवायचे, हे तिचे काम. त्यामुळे मनातले बोलायचे झाले तरी तिला ते अर्जातच बोलता येते, आणि स्वतःला 'अर्जदार' म्हटले की पुढचे वाक्य लिहिता येते. तेवढे सांभाळून घ्यावे.

२. मंडळाची लोकांसाठीची कामे बरीच आहेत. शाळांतली तपासणी, वस्त्यांमधली मोफत शिबिरे, रक्तदान. पण डॉक्टरांचा जीव होता तो सभासदांसाठीच्या 'आधार पाळी'वर. एखादा सभासद आजारी पडला किंवा गेला, की बाकीच्यांनी पाळीपाळीने त्याच्या दवाखान्यात बसायचे. पेशंट फुटत नाहीत आणि घरच्यांना सावरायला वेळ मिळतो. योजना डॉक्टरांचीच. नियमही त्यांनीच लिहिले, अर्जदाराच्या जेवणाच्या टेबलावर, आमटी निवत ठेवून. पाळीवरच्या डॉक्टरने तिथे आपली पाटी लावायची नाही आणि पेशंटला आपले नावही सांगायचे नाही, असा एक नियम. मित्राचे पेशंट पळवले असा आळ यायला नको, एवढाच त्यातला हेतू. दुसरा नियम असा, की जोवर दवाखाना चालू तोवर त्या सभासदाचे सभासदत्व चालू. अर्जदाराने तेव्हाच विचारले होते, यात मुदत कुठे आहे? डॉक्टर म्हणाले, "अगं, माणूस बरा झाला की संपली पाळी." मेलेला माणूस बरा कधी होतो, याचा विचार दोघांनीही केला नाही.

३. गेल्या वर्षी बिबवेवाडीच्या शिबिरात शेवटचा पेशंट उठून गेला आणि डॉक्टर बसल्या खुर्चीतच गेले. नळी कानातच होती म्हणतात. अर्जदार तिथे नव्हती. दहाव्याला घाटावर पिंडाला कावळा शिवेना. कावळे नव्हते असे नाही. कठड्यावर ओळीने बसले होते, पण जागचे हलत नव्हते. गुरुजींनी रीतीप्रमाणे सांगितले, काही मनात राहिले असेल, घरच्यांनी शब्द द्या. अर्जदार पुढे झाली. हात जोडून म्हणाली, माझी काळजी करू नका, मी नीट राहीन. नाही शिवला. गोळ्या वेळेवर घेईन म्हणाली, तरी नाही. ऊन डोक्यावर आले. मग आपण पुढे आलात आणि म्हणालात, "सर, तुमची खुर्ची आम्ही रिकामी ठेवणार नाही." आपले वाक्य पुरे व्हायच्या आत कावळा खाली उतरला. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. अर्जदाराचाही पडला. घरी येऊन पायांवर पाणी घेताना मात्र तिच्या मनात आले, की या माणसाने संसार नक्की कोणाशी केला? बायकोच्या शब्दाला शिवला नाही, मंडळाच्या शब्दाला शिवला. हे अर्जदाराला लागले. अजून लागते.

यापुढे परिच्छेदांना क्रमांक घालत नाही. क्रमांक घातले की गोष्ट होऊन गेल्यासारखी वाटते, आणि ही अजून होते आहे.

दवाखाना अर्जदाराच्या घराच्या बरोबर खाली आहे. सकाळी शटर वर जाते, पंखा कुरकुरतो, घंटी दोनदा वाजते. डॉक्टर दोनदाच वाजवायचे. पहिले काही दिवस या आवाजांनी धीर आला, खोटे कशाला सांगा. खाली जो कोणी पाळीला असेल त्याला अर्जदार चहा पाठवायची, जसा आयुष्यभर पाठवला तसा. रोज डॉक्टर वेगळा. कोणी खडकीचा, कोणी कोथरूडचा, कोणी कालपरवा पास झालेला. पण कप वर यायचा तो तळाशी दोन घोट तसेच ठेवून. डॉक्टरांचीही हीच खोड. घंटी वाजवायला कप खाली ठेवायचे आणि मग विसरायचे. अर्जदाराने स्वतःची समजूत घातली, की सगळेच डॉक्टर असे करत असतील. मग तिने कप लहान केला. तरी दोन घोट राहिलेच.

पाळीवरचे डॉक्टर नाव सांगत नाहीत. मग पेशंट त्यांना काय म्हणणार? डॉक्टर म्हणतात. बाहेर पाटी खासनिसांची, खुर्ची खासनिसांची, आणि आत बसलेला माणूस मी अमुक असे म्हणतच नाही. बिबवेवाडीहून बस बदलून येणाऱ्या बायडाबाई नावाच्या बाई आहेत, चार घरी पोळ्या करतात. अर्जदाराने त्यांना जिन्याजवळ गाठून स्पष्ट सांगितले, की बाई, डॉक्टर गेले हो. बायडाबाईंनी अर्जदाराकडे नीट पाहून घेतले, बिचारीचे डोके ठिकाणावर नाही असे. मग म्हणाल्या, "आवं वैनी, मंग आत घंटी कोन वाजवतंय?"

याच बायडाबाई आत जाऊन नव्या डॉक्टरांना शिकवतात. आधी जीभ बघा, मग नाडी, तुम्ही उलटं करताय. सकाळपासून पोटात काय गेलं ते विचारा. गोळी लिहिताना पेशंटकडे बघा, कागदाकडे नको. बाकीचे पेशंटही तसेच. डॉक्टरांसारखे केले नाही तर उठतच नाहीत. आपले सभासद डॉ. पुष्कर यांची पाळी सर्वांत जास्त असते. मुलगा गुणी आहे. तो अर्जदाराला म्हणाला, "काकू, मी माझ्या पद्धतीनं एक्झामिन करायला गेलो ना, तर पेशंट मलाच करेक्ट करतात." एका दुपारी अर्जदार स्वतः चहा घेऊन खाली गेली. पडद्याआडून शब्द आले, "हं. पुढे?" थकलेला, पण घाई नसलेला आवाज, मधे तेवढाच श्वास. डॉक्टर अर्जदाराशी भांडतानासुद्धा असेच म्हणायचे. कप बशीत हिंदकळला आणि चहा पायावर सांडला. आत डॉ. पुष्कर होते. डॉ. पुष्कर मंडळात आले ते डॉक्टर गेल्यानंतर. त्यांनी डॉक्टरांना हयातीत एकदाही पाहिलेले नाही.

मंडळाची पत्रे येतच आहेत. वाढदिवसाच्या शुभेच्छा आल्या. वार्षिक स्नेहभोजनाचे निमंत्रण 'डॉ. व सौ. खासनीस' असे आले. सौ. कोण, हे मंडळाने कळवलेले नाही. पुढे तर शिबिरांतील सातत्यपूर्ण उपस्थितीबद्दल डॉक्टरांचे अभिनंदन करणारे पत्र आले. अर्जदाराने कार्यालयात फोन लावला. तिथली मुलगी अतिशय नम्रपणे म्हणाली, की सर सध्या पाळीवर आहेत, निरोप देते. अर्जदाराने निरोप दिला नाही. काय देणार?

यंदा वर्षश्राद्ध होते. त्या एका दिवशी तरी शटर खाली असावे, अशी अर्जदाराने मंडळाला विनंती केली. खुर्ची रिकामी ठेवता येत नाही, सरांनाच ते आवडले नसते, असे उत्तर आले. वर गुरुजी संकल्प सांगत होते आणि खाली घंटी दोनदा वाजली. गुरुजींनी सहज विचारले, "खाली कोण आहे?" अर्जदाराच्या तोंडून गेले, "डॉक्टर आहेत." गुरुजी पळी हातात धरून तसेच थांबले. मग त्यांनी पाणी सोडले, पण पुढचे सगळे त्यांनी फार भराभर उरकले आणि जेवायला थांबले नाहीत.

एवढ्यावर भागले असते तर अर्जदार गप्प राहिली असती. पण खडकीचे डॉ. सुखदेव ननावरे आजारी पडले आणि त्यांच्या दवाखान्यात बसण्याच्या पाळीत डॉक्टरांचे नाव लागले. सभासदत्व चालू, म्हणून पाळी चालू. नियमात बसते. मेलेल्या माणसाच्या जागी जिवंत माणसे बसत होती, इथवर ठीक. आता मेलेला माणूस जिवंत माणसाच्या जागी बसायला निघाला. अर्जदाराला वाटले, निदान तिथे तरी घोटाळा उघडा पडेल. तर खडकीहून निरोप आला, की नवे डॉक्टर फार चांगले आहेत, आधी जीभ बघतात, मग नाडी. डॉक्टर हयातीत खडकीला कधी गेले नव्हते. अर्जदाराने किती वेळा म्हटले असेल, बहीण राहते तिथे, एक रविवार जाऊ या.

अर्जदार खडकीला गेली. नाव न सांगता बाकावर बसली. शेजारी दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ खोकत होते. ते म्हणाले, या डॉक्टरांकडे दुखणे सांगावेसे वाटते. घंटी दोनदा वाजली. तिचा नंबर आला. ती पडदा सारून आत गेली आणि मान वर न करता स्टुलावर बसली. वर बघायचेच नाही, असे ठरवून बसली. जीभ दाखवली. मनगट पुढे केले. बोटे गार नव्हती. सकाळपासून पोटात काय गेले, असे विचारले गेले. काही नाही, असे तिने सांगितले. मग आवाज आला, "हं. पुढे?"

महोदया, अर्जदाराने इथवर शासकीय भाषेत सांगितले, पण इथे ती जे बोलली ते जसेच्या तसे लिहिणे भाग आहे. ती म्हणाली, "पुढे काय? दिवसभर सगळ्या जगाचं ऐकून घेता. घंटी वाजवता, बायडाबाईची जीभ बघता, आता खडकीलाही येता. वर का येत नाही? मी रोज पान वाढून ठेवते. रोज गार होतं. मी काय तुमची पेशंट नाही म्हणून?"

मनगटावरची बोटे निघाली. मग कानातली नळी काढून टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला आणि डॉ. पुष्कर म्हणाले, "काकू, मी पुष्कर."

त्या क्षणी डॉक्टर दुसऱ्यांदा गेले. पहिल्या वेळी अर्जदार हजर नव्हती, या वेळी होती. ती त्या स्टुलावर बसून रडली. दहाव्याला, तेराव्याला, वर्षश्राद्धाला जे आले नव्हते ते सगळे तिथे आले, आणि बाहेरच्या माणसांनी कोणी घाई केली नाही. डॉ. पुष्कर यांनी डॉक्टरांच्या नावची खडकीची पाळी भरत असताना स्वतःचे नाव सांगून नियम मोडला, हे खरे आहे. त्याबद्दल त्यांच्यावर कोणतीही कारवाई होऊ नये, ही पहिली विनंती.

दुसरी विनंती ही, की डॉक्टरांना रजा द्यावी. वचन आपण दिले आहे, तेव्हा त्यातून मोकळे करणेही आपल्याच हाती आहे. अर्जदाराच्या शब्दाचे वजन घाटावर दिसलेच. वचन मोडू नये, असेही अर्जदाराचे म्हणणे आहे. खुर्ची रिकामी ठेवायची नाही ना, तर कार्यभार डॉ. पुष्कर यांच्याकडे द्यावा, त्यांच्या स्वतःच्या नावाने आणि पाटीने. त्यांना वाटेल तर त्यांनी आधी नाडी बघावी. बायडाबाईंची समजूत अर्जदार घालेल. जागा त्यांना द्यायला अर्जदार तयार आहे. आपण फक्त एकदा घाटावर जावे आणि कावळा असो वा नसो, मोठ्याने सांगावे, की सर, रजा मंजूर आहे.

रजेचा प्रकार : अर्जित. सगळीच शिल्लक आहे, आयुष्यात एक दिवस घेतलेली नाही.

रजेचा कालावधी : परत रुजू होण्याची तारीख लिहू नये.

रजेचे कारण : अर्जदाराने नोकरीत हजारो अर्जांवर एकच शब्द वाचला आणि प्रत्येक वेळी मनात म्हटले, काय ही कारणे देतात माणसे. आज तोच लिहिते. घरगुती.

आपण सही कराल तोवर खाली घंटी वाजतच राहील, याची अर्जदाराला जाणीव आहे. शक्य तितक्या लवकर करावी.

कळावे,

पुणे, २० नोव्हेंबर २०२५

आपल्या सहीची वाट पाहणारी,
मंदाकिनी दिगंबर खासनीस

प्रत माहितीसाठी : डॉ. दिगंबर खासनीस, दवाखाना, तळमजला. वर येताना सोबत आणावी.